गामा इंटरफेरॉनचा अहवाल आणि नाकारलेली बढती : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातील एका जनुकीय समुपदेशन केंद्रात आले होते. ज्यांच्याविषयी ते आहे त्यांच्या संमतीने ते लिहिले असून ओळख पटू नये यासाठी नाव, गाव आणि नोकरीचे काही तपशील बदलले आहेत. येथे त्यांना अश्विनी म्हटले आहे.

अश्विनी ३१ वर्षांच्या, अविवाहित, आणि सातारा जिल्ह्यातील एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात नऊ वर्षे नोकरी करणाऱ्या. कर्जदारांची कागदपत्रे तपासणे, जामीनदारांची पडताळणी करणे, थकबाकीच्या याद्या काढणे हे त्यांचे काम. ते काम त्या इतके चोख करत की लेखापरीक्षक आले की आधी त्यांच्याच टेबलाशी येत. स्वभावाने त्या लहानपणापासून अबोल. शाळेच्या स्नेहसंमेलनात त्या कधी रंगमंचावर गेल्या नाहीत आणि घरात त्यांना लाडाने, कधी कधी त्राग्यानेही, ‘घुमी’ म्हटले जाई.

त्यांचा धाकटा भाऊ हिंजवडीत सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. त्या वर्षी भाऊबीजेला त्याने पाकिटाऐवजी लाळेवरून डीएनए तपासणाऱ्या एका खासगी कंपनीचा संच ओवाळणीत घातला. जानेवारीत चाळीसेक पानांचा अहवाल आला. केस गळण्याची शक्यता, कॉफी कितपत सोसते, कोणता व्यायाम मानवेल अशा करमणुकीच्या पानांमध्येच ‘स्वभाव आणि प्रतिकारशक्ती’ असे एक पान होते. त्यावर लिहिले होते की त्यांच्या गामा इंटरफेरॉन जनुकाचे रूप ‘टीटी’ आहे, आणि हे रूप असणाऱ्या व्यक्ती धोका टाळणाऱ्या, अनोळखी माणसांत संकोचणाऱ्या व कमी बहिर्मुख असण्याची शक्यता अधिक असते. शेजारी गाडीच्या वेगमापकासारखे एक चित्र होते आणि त्याचा काटा लाल भागात टेकलेला होता.

भावाने ते पान कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकले. काकांपासून मामेबहिणींपर्यंत सर्वांनी त्याला दाद दिली. आईचे म्हणणे असे की हे सांगायला इतके पैसे कशाला मोडले, पत्रिकेतही तेच लिहिले आहे.

अडचण

एरवी हे प्रकरण थट्टेवारी संपले असते. परंतु त्याच महिन्यात पतसंस्थेने नवी शाखा उघडायचे ठरवले आणि अश्विनी यांना शाखाधिकारी म्हणून बढती देऊ केली. लेखी होकार किंवा नकार २८ फेब्रुवारीपर्यंत द्यायचा होता. त्या ६ फेब्रुवारीला समुपदेशनासाठी माझ्याकडे आल्या तेव्हा हातात अहवालाची छापील प्रत होती आणि त्या पानावर पेनाने दोन रेघा मारलेल्या होत्या. त्यांनी विचारलेला प्रश्न मी त्याच दिवशी नोंदवून ठेवला: ‘हे माझ्या जनुकातच असेल, तर बढती घेऊन मी स्वतःला आणि संस्थेला फसवते आहे का?’

प्रश्न प्रामाणिक होता, आणि ऐकताक्षणी मी त्याचा अर्धाच भाग ऐकला हे मला नंतर कळले. जनुकाविषयी विचारलेले मला ऐकू आले. ‘मला हे झेपेनासे झाले आहे’ हे जे त्याखाली होते, ते ऐकू आले नाही.

दाव्यामागचे संशोधन

कंपनीने तो दावा हवेतून काढलेला नव्हता. गामा इंटरफेरॉन हे प्रतिकारसंस्थेतील पेशी सोडत असलेले एक संदेशवाहक प्रथिन आहे आणि क्षयाच्या जंतूसारख्या, पेशीच्या आत दडून राहणाऱ्या जंतूंशी लढताना त्याची मोठी गरज लागते. त्याचे जनुक बाराव्या गुणसूत्रावर आहे. जनुकात ८७४ या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या जागी काहींमध्ये ‘ए’ हे अक्षर असते तर काहींमध्ये ‘टी’. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशी दोन अक्षरे मिळतात, म्हणून ‘टीटी’. ‘टी’ असलेल्यांच्या पेशी हे प्रथिन अधिक प्रमाणात बनवतात असे प्रयोगशाळेतील कामातून दिसले आहे, आणि ‘ए’ असलेल्यांना क्षयाचा धोका काहीसा अधिक असल्याचे अनेक पाहण्यांत आढळले आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात विद्यार्थ्यांच्या एका लहान गटाची हीच जागा तपासली गेली आणि त्यांच्याकडून स्वभावाच्या प्रश्नावल्या भरून घेतल्या गेल्या. ‘टी’ असलेल्यांमध्ये धोका टाळण्याची वृत्ती अधिक आणि बहिर्मुखता कमी असल्याचे संशोधकांनी मांडले. धोका टाळण्याची वृत्ती हा शब्दप्रयोग येथे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ क्लोनिंजर यांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या स्वभावमापनातील पारिभाषिक अर्थाने आहे. आपण रोजच्या बोलण्यात ज्याला भित्रेपणा म्हणतो तो आणि हा एकच नव्हे.

या मांडणीमागे एक आकर्षक कल्पना आहे. जेथे साथीचे रोग फार, तेथे अनोळखी माणसांपासून चार हात दूर राहणारा माणूस अधिक सुरक्षित राहिला असेल, म्हणजे संसर्गापासूनचा बचाव जसा रक्तातल्या पेशी करतात तसा काही अंशी वागण्यातूनही होत असेल. मानसशास्त्रज्ञ मार्क शालर आणि डेमियन मरे यांनी २००८ मध्ये जगभरच्या प्रदेशांची तुलना करून असे दाखवले होते की जेथे संसर्गजन्य रोगांचा इतिहास मोठा, तेथे बहिर्मुखतेची सरासरी कमी आढळते. रसायनांच्या पातळीवरही एक वाट दिसते. गामा इंटरफेरॉन वाढले की शरीरात एक विकर (एन्झाइम) जागे होते आणि ते ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल दुसऱ्या मार्गाला वळवते. याच ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन हे मनःस्थितीशी जोडले जाणारे मेंदूतील रसायन बनते. याच कुळातले अल्फा इंटरफेरॉन कावीळ-सी या आजारावर अनेक महिने टोचले जात असे तेव्हा सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांना नैराश्य येई, हा वैद्यकातला पक्का अनुभव आहे.

प्रतिकारसंस्था आणि मन यांचे नाते आहे यात शंका नाही. शंका आहे ती त्या नात्यावरून एका अक्षराच्या आधारे एका माणसाचे भविष्य सांगण्याविषयी. टोचलेल्या इंटरफेरॉनचा भडिमार आणि जन्मजात एका अक्षराने पडणारा सूक्ष्म फरक यांना एका मापाने मोजता येत नाही. शिवाय दिशा तरी निश्चित कुठे आहे? २०१६ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठातून जोनाथन किपनिस यांच्या गटाचे उंदरांवरील काम प्रसिद्ध झाले, आणि त्यात गामा इंटरफेरॉन नसलेले उंदीर दुसऱ्या उंदरांकडे जायला कमी उत्सुक दिसले. म्हणजे तेथे हे प्रथिन मिसळून वागण्याच्या बाजूचे ठरते, तर विद्यार्थ्यांच्या अभ्यासात ते संकोचाच्या बाजूचे ठरते. उंदीर आणि माणूस वेगळे हे खरे, पण ज्या दाव्याची दिशाच अशी डळमळीत आहे त्यावर लाल काटा टेकवणे धाडसाचे आहे.

स्वभावाच्या जनुकांचा इतिहासही सावध करणारा आहे. १९९६ मध्ये सेरोटोनिन वाहून नेणाऱ्या जनुकाचे एक रूप चिंताळू स्वभावाशी जोडले गेले. त्या कामात ५०५ लोक होते आणि त्या रूपाने स्वभावातील ३ ते ४ टक्के फरक उलगडतो असे म्हटले होते. पुढची वीस वर्षे अशा एकेका जनुकाच्या मागे शेकडो शोधनिबंध निघाले. २०१९ मध्ये नैराश्याशी जोडल्या गेलेल्या अशा १८ प्रसिद्ध जनुकांची फेरतपासणी ६२ हजारांपासून ४ लाख ४३ हजारांपर्यंतच्या समूहांवर झाली, तेव्हा ती जनुके यदृच्छेने उचललेल्या इतर जनुकांपेक्षा वरचढ ठरली नाहीत. याउलट २०१८ मध्ये सुमारे ४ लाख ४९ हजार लोकांचा संपूर्ण जनुकसंच चाळून चिंताळूपणाशी संबंधित १३६ जागा सापडल्या. त्यांतील प्रत्येकीचा वाटा अगदी किरकोळ आहे. स्वभावातील माणसामाणसांमधला सुमारे ४० टक्के फरक आनुवंशिक असल्याचे जुळ्यांच्या आणि कुटुंबांच्या अभ्यासांतून दिसते खरे, पण तो हजारो जागांवर विखुरलेला आहे. पोत्यातला एक दाणा हातात घेऊन पोत्याचे वजन सांगावे, तसे हे होते.

एक बाब अहवालात कोठेच नव्हती. ज्या गटांवर ही कामे झाली त्यांत युरोपीय वंशाचे लोक फार मोठ्या प्रमाणात होते. भारतीयांच्या जनुकसंचाची दहा हजार नमुन्यांची ‘जिनोम इंडिया’ माहिती संशोधकांसाठी खुली होण्यास जानेवारी २०२५ उजाडावा लागला. साताऱ्यातील एका कुटुंबाला युरोपीय सरासरी लावताना निदान तसे नमूद तरी करायला हवे होते.

समोर असलेले पर्याय

पहिल्या भेटीत माझ्यासमोर चार वाटा होत्या. सर्वांत सोपी म्हणजे ‘हे सगळे थोतांड आहे, फाडून टाका’ असे सांगणे. त्याने क्षणभर दिलासा मिळाला असता, पण ते खरे नव्हते, आणि उद्या अश्विनी यांनी स्वतः तो २०१४ चा अभ्यास शोधून वाचला असता तर माझ्या शब्दाला किंमत राहिली नसती. दुसरी वाट पुरावा उलगडून दाखवण्याची. ती वेळखाऊ, आणि खचलेल्या माणसाला आकडेवारी ऐकवणे कितपत उपयोगी, हा प्रश्न होता. तिसरी म्हणजे वैद्यकीय दर्जाच्या प्रयोगशाळेत ती जागा पुन्हा तपासणे. ती मी लगेच बाजूला ठेवली, कारण उत्तर ‘टीटी’ येवो वा ‘एए’, त्यावरून बढतीविषयी काहीच ठरणार नव्हते, आणि ज्या तपासणीने पुढचे पाऊल बदलत नाही ती करू नये हा आमचा साधा दंडक आहे. चौथी वाट मानसशास्त्रज्ञाकडून स्वभावाची रीतसर प्रश्नावली भरून घेण्याची. तिच्यात अडचण अशी की पूर्वीचे माप हाती नसताना आजचा गुण हा मूळ स्वभावाचा की आजच्या मनःस्थितीचा, हे वेगळे काढता आले नसते.

मी दुसरी वाट निवडली आणि तिला एक जोड दिली: कंपनीकडून मूळ अक्षरांची कच्ची फाइल मागवून घ्या असे सुचवले. पाचवी वाट होती ती साध्या वैद्यकीय तपासणीची. त्या दिवशी ती माझ्या कागदावर नव्हतीच.

कच्ची फाइल

फाइल आठवडाभरात आली आणि तिने प्रकरणाला अनपेक्षित वळण दिले. हा भाग थोडा तांत्रिक आहे, पण अशा अहवालांचे काम करणाऱ्यांच्या उपयोगाचा असल्याने तो सविस्तर मांडते.

डीएनएच्या दोन पट्ट्या एकमेकींसमोर असतात. एकीवर ‘ए’ असेल तर समोर ‘टी’, आणि ‘सी’ असेल तर समोर ‘जी’. कोणती पट्टी वाचली हे सांगितल्याशिवाय अक्षराला अर्थ नाही. बहुतेक जागांवर चूक झाली तर ती उघडी पडते, कारण ‘ए’ किंवा ‘जी’ अपेक्षित असताना ‘टी’ किंवा ‘सी’ दिसू लागते. परंतु जेथे ‘ए’ आणि ‘टी’ हेच दोन पर्याय असतात तेथे दुसऱ्या पट्टीवरही ‘टी’ आणि ‘ए’ हीच अक्षरे येतात, आणि चूक बिनबोभाट खपून जाते. गामा इंटरफेरॉनची ती ८७४ क्रमांकाची जागा नेमकी अशीच आहे. त्यात भर अशी की हे जनुक गुणसूत्राच्या प्रमाण नकाशाच्या उलट दिशेने वाचले जाते.

अश्विनी यांच्या फाइलच्या शिरोभागी स्पष्ट लिहिले होते की सर्व अक्षरे प्रमाण नकाशाच्या सरळ दिशेनुसार दिली आहेत. त्या जागेपुढे होते ‘टीटी’. याचा अर्थ जनुकाच्या स्वतःच्या दिशेने, म्हणजे संशोधकांनी ज्या दिशेने अक्षरे दिली त्या दिशेने, त्यांचे रूप ‘एए’ ठरते. अहवालाने अक्षर न उलटवता जसेच्या तसे उचलले असावे. कंपनीच्याच तर्काने चालायचे तर काटा लाल भागाऐवजी हिरव्या भागात हवा होता.

फाइलचे शिरोलेखही चुकू शकतात, म्हणून मी अश्विनी यांच्या नावे कंपनीला एकच प्रश्न विचारणारे पत्र तयार करून दिले: अहवालातील अक्षर कोणत्या पट्टीवरचे आहे? तीन आठवड्यांनी उत्तर आले. स्वभावविषयक पाने केवळ माहितीसाठी असून वैद्यकीय सल्ला नव्हेत, एवढेच त्यात होते. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर नव्हते.

दुसरी भेट आणि एक निसटता क्षण

२० फेब्रुवारीच्या भेटीआधी मला एक निर्णय करायचा होता, तो म्हणजे उलटलेल्या अक्षराची गोष्ट सांगायची की नाही. लपवणे योग्य नव्हते. अहवाल त्यांचा होता, फाइल त्यांची होती. पण भीती अशी होती की ‘तुम्ही संकोची गटात नाही’ हे वाक्य त्या ‘म्हणजे मी धीट आहे’ असे ऐकतील, आणि एक शिक्का जाऊन त्या जागी दुसरा बसेल. म्हणून मी क्रम बदलला. आधी अभ्यासाचा लहान आकार, उंदरांचे उलटे निष्कर्ष आणि मोठ्या समूहांवरील फेरतपासण्या समजावल्या, आणि या एका जागेवरून कोणाही व्यक्तीविषयी काही सांगता येत नाही यावर आमचे एकमत झाल्यावरच अक्षराची चूक दाखवली. त्या प्रथमच हसल्या. म्हणाल्या, ‘कर्जाच्या फायलीत एवढी चूक केली असती तर आमच्याकडे मेमो मिळाला असता.’

हा क्रम बरोबर होता असे मला आजही वाटते. चूक दुसरीकडे झाली.

निघताना त्यांनी पंखा बंद कराल का असे विचारले. बाहेर पुण्याचे फेब्रुवारीअखेरचे ऊन होते, मी घामाघूम होते, आणि त्यांच्या खांद्यावर शाल होती. सहज विचारले तर म्हणाल्या की गेले वर्षभर असेच होते. मग एकामागून एक गोष्टी बाहेर आल्या. साताऱ्याहून येताना एसटीत बसल्या बसल्या झोप लागते आणि स्वारगेटला कंडक्टर उठवतो. केस विंचरताना गुंते निघतात. पाळीत रक्तस्राव वाढला आहे. वजन सहा किलोंनी वाढले आहे. हळदीकुंकवाला, सहकाऱ्याच्या मुलाच्या बारशाला जाणे त्यांनी वर्षभरात सोडून दिले होते, आणि घरच्यांनी त्याचे कारण घुमेपणा असे लावले होते. दहा महिन्यांपूर्वी गावातल्या डॉक्टरांनी हिमोग्लोबिन १०.८ आले म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, आणि थकव्याचा विषय तेथेच मिटला होता.

मी डॉक्टर नाही, पण ही यादी कोणाच्याही लक्षात यावी अशी होती. नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली त्याच वेळी भरून घेतली; गुण ११ आले, म्हणजे मध्यम. स्वतःला इजा करण्याचे विचार नव्हते. थकवा, झोप आणि मंदपणा यांचे प्रश्न त्या यादीत असल्याने गुण शारीरिक कारणानेही फुगू शकतात, हे ध्यानात ठेवून मी त्यांना डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली आणि थायरॉईडची तपासणी सुचवली.

बढतीच्या मुदतीविषयी मात्र मी काही बोलले नाही. त्यांना डॉक्टरांची वेळ १ मार्चची मिळाली. २६ फेब्रुवारीला त्यांनी नकार लिहून दिला.

परिणाम

५ मार्चला रक्ताचा अहवाल आला. थायरॉईड ग्रंथीला काम करायला लावणारे संप्रेरक, म्हणजे टीएसएच, १८.६ होते, जे साधारणतः ४ च्या आत असायला हवे. ग्रंथी स्वतः बनवते ते थायरॉक्सिन हे संप्रेरक कमी होते, आणि थायरॉईडविरोधी प्रतिपिंडे चाचणीत ठळकपणे आढळली. निदान असे होते की प्रतिकारसंस्था स्वतःच्याच थायरॉईड ग्रंथीवर उलटली आहे आणि ग्रंथी मंदावली आहे. हा विकार स्त्रियांत पुष्कळ आढळतो, आणि थकवा, थंडी न सोसणे, विचारांचा मंदपणा, उदासी ही त्याची नित्याची लक्षणे आहेत.

येथे योगायोगाने विषय पुन्हा प्रतिकारसंस्थेपाशीच येतो. या विकाराच्या आनुवंशिकतेत आपल्या आणि परक्या पेशी ओळखण्यास मदत करणाऱ्या, सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए जनुकांचा, तसेच सीटीएलए-४ या प्रतिकारसंस्थेला लगाम घालणाऱ्या जनुकाचा हात असतो. म्हणजे अश्विनी यांच्या वर्षभराच्या ‘स्वभावा’मागे प्रतिकारसंस्था होती हे अहवालाचे मोघम सूत्र, विचित्र अर्थाने, काही अंशी खरे निघाले. पण ते कळले साध्या रक्ततपासणीतून, आणि तिचा खर्च त्या संचाच्या किमतीच्या मानाने नगण्य होता.

डॉक्टरांनी थायरॉक्सिनची उणीव भरून काढणारी लेव्होथायरॉक्सिनची गोळी सुरू केली. सकाळी उपाशीपोटी, चहाच्या आधी अर्धा ते एक तास; आणि लोहाची गोळी तिच्यापासून किमान चार तास दूर, कारण लोह थायरॉक्सिनचे शोषण अडवते. आठ आठवड्यांनी टीएसएच ७.१ आले, मात्रा वाढवली, आणि पाचव्या महिन्यात ते २.९ झाले. नऊ प्रश्नांच्या यादीतील गुण तेव्हा ४ होते. शाल गेली. एसटीत झोप लागणे थांबले.

संकोच मात्र गेला नाही. आठव्या महिन्यात फोनवर बोलताना त्या म्हणाल्या की सभेत बोलायला आजही नको वाटते, पण बोलावे लागले तर घरी येऊन आडवे व्हावे लागत नाही. मला या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या झालेल्या दिसतात: एक जन्मापासूनचा स्वभाव, आणि एक वर्षभरात त्यावर चढलेला आजार. सुधारणेचे सगळे श्रेय गोळीला द्यावे असेही नाही. लोह पूर्ववत झाले होते, घरच्यांचे टोमणे थांबले होते, आणि एका व्यक्तीच्या अनुभवातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.

नव्या शाखेचे पद त्यांच्याहून तीन वर्षांनी कनिष्ठ सहकाऱ्याला मिळाले. तशी संधी अद्याप पुन्हा आलेली नाही. अश्विनी त्याच टेबलावर आहेत.

निर्णयाचे टप्पे: मागे वळून पाहताना

सर्वांत मोठी चूक प्रश्नांच्या क्रमाची. पहिल्या भेटीत मी पाऊण तास जनुकावर खर्च केला आणि ‘हे असे कधीपासून?’ हा एक प्रश्न विचारला नाही. स्वभावाचे जनुक जन्मापासून तेच असते. माणूस गेल्या वर्षात बदलला असेल तर कारण जनुकाच्या त्या अक्षरात असण्याची शक्यता पहिल्याच वाक्यात मावळते. तो प्रश्न ६ फेब्रुवारीला विचारला असता तर रक्ताचा अहवाल महिन्याच्या मध्यावर हाती आला असता, आणि नकार किंवा होकार त्याच्या प्रकाशात दिला गेला असता. अहवालाचे गूढ उकलण्यात मला बौद्धिक आनंद मिळत होता हे कबूल केले पाहिजे. उलटलेले अक्षर सापडल्याच्या दिवशी मी ते दोन सहकाऱ्यांना उत्साहाने सांगितले होते. अश्विनी यांच्या थकव्याविषयी मी त्या दिवशी कोणाशीच बोलले नव्हते.

दुसरी चूक मुदतीची. जनुकीय समुपदेशनात सल्ला लादू नये, निर्णय समोरच्या व्यक्तीचा असावा, ही शिकवण आमच्या अंगात मुरलेली असते, आणि ती योग्यच आहे. तिच्यामागे संतती, गर्भधारणा, गंभीर आनुवंशिक आजार अशा खोल खासगी निर्णयांचा विचार आहे. परंतु ‘तपासणी व्हायची आहे, संस्थेकडे पंधरा दिवसांची मुदतवाढ मागून पाहा’ असे म्हणण्याने कोणाचा निर्णय हिरावला जात नाही, उलट तो नीट घ्यायला अवकाश मिळतो. मी लादू नये आणि बोलू नये यांत गल्लत केली. मुदतवाढ मिळाली असती की नाही हे वेगळे. मागितली गेली नाही.

गावातल्या डॉक्टरांना दोष देणे मला रास्त वाटत नाही. हिमोग्लोबिन कमी होते आणि लोह देणे बरोबर होते. थायरॉईड मंदावल्याने पाळीतील रक्तस्राव वाढतो, त्यातून रक्त कमी होते, आणि मग त्या एका आकड्याने सगळा थकवा समजावला जातो. ही साखळी अनुभवी डॉक्टरांनाही चकवते. दहा महिने थकवा हटला नाही तेव्हा पुन्हा दाखवायला हवे होते, पण घरात ‘स्वभावच तसा’ हे उत्तर तयार होते, आणि जानेवारीत त्यावर चाळीस पानांचे शिक्कामोर्तब झाले. अहवालामुळे झालेले खरे नुकसान मला येथे दिसते.

व्हॉट्सअॅप गटावर ते पान टाकणाऱ्या भावाला दुसऱ्या भेटीला बोलवायला हवे होते. तो हौसेने वागला होता, वाईट हेतूने नाही, आणि अक्षर उलटल्याचे कळल्यावर त्यानेच ते गटावर लिहिले. त्याला कोणी दाद दिली नाही.

कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगाकडे तक्रार करावी का, हाही विचार झाला. अश्विनी यांनी नको म्हटले. नोकरीच्या ठिकाणी बढती नाकारल्याचे कारण चर्चेत यावे असे त्यांना वाटत नव्हते, आणि तो निर्णय त्यांचाच होता.

आमच्या केंद्रात यानंतर एक बदल झाला आहे. स्वभावाविषयीचा कोणताही जनुकीय अहवाल घेऊन कोणी आले की अहवाल उघडण्याआधी गेल्या दोन वर्षांत झोप, वजन, भूक, पाळी, काम आणि माणसांत मिसळणे यांत काय बदलले याची नोंद घेतली जाते. त्यात काही सापडले तर आधी डॉक्टर, मग अक्षरे.

सध्याची स्थिती

शेवटच्या फोनवर भावाने विचारले की आता थायरॉईडचे जनुकही त्या कच्च्या फाइलमध्ये शोधता येईल का. मी म्हटले, शोधता येईल, पण ताईंचे निदान झाले आहे, उपचार चालू आहेत, आणि त्या शोधाने गोळीची मात्रा बदलणार नाही. हा विकार घराण्यात चालतो. आईंनाही उन्हाळ्यात शाल लागते असे ताई म्हणाल्या होत्या, तेव्हा आईंचे टीएसएच तपासून घेणे अधिक उपयोगाचे. आई शेजारीच होत्या. माझी प्रकृतीच थंड, त्यात तपासायचे काय, असे त्यांनी फोनवर सांगितले. अजून त्यांनी रक्त दिलेले नाही.